अंगातल्या वाफा आणि बाहेरचा उन्हाळा

पंचेचाळिशीच्या पुढेमागे असलेल्या पुष्कळ स्त्रियांना बसल्या जागी एकाएकी छातीतून वर ऊब सरकल्यासारखी वाटते, चेहरा व मान तापते, कानशिले लाल होतात आणि पाहता पाहता पाठ घामाने भिजून जाते. काही मिनिटांत हे सारे ओसरते व मागोमाग अंगावर शिरशिरी येते. आपल्याकडे यास ‘अंगातून वाफा येणे’ म्हणतात. उन्हाळ्याच्या दिवसांत कोणी हे बोलून दाखविलेच, तर ‘उकडते तर सगळ्यांनाच’ एवढे उत्तर बहुधा मिळते. परंतु सगळ्यांचे उकडणे आणि तिचा हा त्रास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एकत्र येतात तेव्हा तिची सोय पाहणे हे साऱ्या घराचे काम आहे.

सलग १२ महिने पाळी आली नाही, म्हणजे ऋतुनिवृत्ती झाली असे समजतात. भारतात हे वय सरासरी ४६-४७ च्या सुमारास येते. मात्र वाफा त्याच्या आधीपासून सुरू होऊन पुढे कित्येक वर्षे राहू शकतात. मेंदूत शरीराचे तापमान सांभाळणारे एक केंद्र असते. एरवी ते थोडीफार ऊब निमूटपणे सोसते. इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होऊ लागले, की ही सहनशक्ती आकसते. मग चुलीची धग, गरम चहा किंवा घाईने चढलेला जिना एवढेही त्यास पुरते; ते त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावते आणि घाम सोडते. म्हणजे हा मनाचा दुबळेपणा नव्हे किंवा रागीटपणाही नव्हे. यास्तव उपायाचे सूत्र एकच: शरीरावर उष्णतेचा भार शक्य तितका कमी पडू द्यावा, आणि आलेला घाम लवकर वाळेल असे पाहावे.

घाम वाळण्याचे महत्त्व कळण्यास चंदीगडच्या उन्हाळ्याकडे पाहावे. कारण त्याची दोन रूपे अगदी निराळी आहेत. मे-जूनमध्ये तेथे पारा ४० अंशांपलीकडे जातो, पण हवा कोरडी असते. नागपूर-अकोल्याप्रमाणेच तेथेही या दिवसांत कूलर उत्तम चालतो. मात्र कूलर लावताना समोरची एखादी खिडकी थोडी उघडी ठेवावी, म्हणजे दमट हवा बाहेर पडेल. हवा फार तापलेली असता नुसता पंखा गरम झोतच अंगावर टाकतो. अशा वेळी मान, दंड व पाय ओल्या फडक्याने पुसून मग वाऱ्यात बसावे.

जुलैच्या आरंभी पाऊस आला, की हेच शहर मुंबई-कोकणासारखे दमट होते. पारा खाली येतो, पण घाम वाळत नाही, आणि वाफांनी त्रासलेल्या स्त्रीला हे दिवस अधिक जड जातात. तेव्हा कूलरचे पाणी बंद करावे. नाहीतर तो ओलसरपणात भरच घालतो. त्या दिवसांत छताचा पंखा, आरपार वारा आणि असल्यास वातानुकूलन यंत्र हेच उपयोगी.

हे शहर उभारताना, १९५१ पासून, ले कॉर्ब्युझिए व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऊन भिंतीवर येण्याआधीच अडविण्याचा विचार केला. तेथील जुन्या सरकारी घरांतील विटांच्या जाळ्या आणि आत घेतलेले व्हरांडे त्याचीच साक्ष देतात. आपल्या घरी एवढे बांधकाम नको. सकाळी ऊन तापण्यापूर्वी खिडक्या मिटून बाहेरून चिकाचे पडदे सोडावेत आणि रात्री हवा निवल्यावर खिडक्या उघडाव्यात.

आता खरा प्रश्न स्वयंपाकघराचा. कूलर बहुधा बैठकीत असतो, आणि जिला त्याची सर्वांत अधिक गरज ती भर दुपारी तव्यासमोर उभी असते. स्वयंपाक सकाळी दहाच्या आत उरकावा, धूर व वाफ ओढणारा पंखा चालू ठेवावा, आणि पानात गरम फुलकाच हवा असा हट्ट असणाऱ्याने तो स्वतः भाजून घ्यावा.

कपडे सुती, सैल आणि एकावर एक घालता-काढता येतील असे असावेत. अंथरुणाशेजारी पाणी, पंचा व बदलण्याचे कपडे ठेवावेत, कारण रात्रीचा घाम झोप मोडतो आणि दिवसाची चिडचिड बहुधा त्या मोडलेल्या झोपेतून येते. पाणी, ताक, लिंबाचे सरबत वरचेवर घ्यावे. रक्तदाब असल्यास मीठ बेताने. तिखट, कॉफी वा मद्य यांनी काहींचा त्रास वाढतो. आपला कशाने वाढतो ते दोन आठवडे वहीत टिपावे.

एवढे करूनही झोप व कामकाज बिघडत असेल, तर सोसत बसू नये. संप्रेरकांचा उपचार सर्वांत गुणकारी आहे. साठीच्या आतील व ऋतुनिवृत्तीस दहा वर्षे न झालेल्या बहुतेक निरोगी स्त्रियांना त्याचा लाभ धोक्याहून अधिक असतो. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या झालेल्या स्त्रियांना तो सहसा देत नाहीत. त्यांच्यासाठी संप्रेरकविरहित औषधे आहेत. निवड डॉक्टरांनीच करावी. चंदीगडला १९६२ मध्ये स्थापन झालेली ‘पीजीआय’ ही मोठी संस्था आहे. पण आरंभ जवळच्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडेही करता येतो.

तीन गोष्टी मात्र वाफांच्या नावावर खपवू नयेत. ऋतुनिवृत्तीनंतर रक्तस्राव झाला, तर तपासणी अवश्य करावी. घामासोबत ताप, वजनात घट किंवा सततची धडधड असेल, तर क्षय वा थायरॉइडचा विकार नाही ना, हे पाहावे. आणि अंग तापलेलेच राहून बोलण्यात भ्रम, वांती वा बेशुद्धी दिसली, तर तो उष्माघात होय. अंगावर पाणी ओतत, वारा घालत तिला तत्काळ रुग्णालयात न्यावे. वाफ मिनिटांत ओसरते, उष्माघात ओसरत नाही.

हे पान वाचून झाल्यावर घरातील पुरुषांच्या व मोठ्या मुलांच्या हाती अवश्य द्यावे. कूलरचा झोत कोणाच्या दिशेने फिरवावयाचा, हे त्यांनाही कळले पाहिजे.