परसबाग घरातल्या काकांच्या नावावर करा

"डॉक्टर, घरामागे थोडी जागा आहे, भाजीपाला लावू का?" हा प्रश्न हल्ली ओपीडीत बऱ्याचदा येतो. विचारणाऱ्या बहुतेक बायका असतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. जरूर लावा, पण खुरपं आणि झारी घरातल्या पुरुषाच्या हातात द्या.

यात गंमत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. त्याआधीच्या फेरीत हा आकडा ४८ टक्के होता. म्हणजे निम्म्याहून अधिक बायका आधीच थकलेल्या आहेत. त्यांच्या स्वयंपाक, धुणी, मुलं, शेतमजुरी यांच्या यादीत आपण "परसबाग" अशी आणखी एक ओळ घालतो आणि त्याला पोषण म्हणतो. "उमेद" अभियानाने बचत गटांमार्फत गावोगाव पोषण परसबागेची मोहीम नेली, ते काम चांगलंच आहे. माझी तक्रार मोहिमेबद्दल नाही, घरातल्या वाटणीबद्दल आहे.

त्याच घरात पंचावन्न-साठीचे काका असतात. शुगर वाढलेली, पोट पुढे आलेलं. त्यांना मी आठवड्यातून किमान १५० मिनिटं चालायला सांगतो. ते चार दिवस चालतात, मग पाऊस, मग लग्नसराई, मग गुडघा. माती उकरणं, पाणी घालणं, निंदणी करणं हाही व्यायामच आहे, आणि तो टाळला तर मेथी सुकून दाखवते. चालण्याला अशी चुगली करता येत नाही.

आता नवख्यासाठी थोडं कामाचं. सुरुवात एकाच वाफ्याने करा, ३ फूट रुंद आणि ६ फूट लांब. रुंदी याहून जास्त नको, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो आणि वाफ्यात पाय पडत नाही. शिरपूरच्या हवेत पहिला वाफा दसरा-दिवाळीच्या सुमारास करावा. बरेच जण उत्साहाने मार्च-एप्रिलमध्ये रोपं आणतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३-४४ अंशांवर गेला की रोपंही जातात आणि उत्साहही. तापीकाठची काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून वाफा जमिनीपेक्षा थोडा उंच करा आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा. ताजं शेण घालू नका, त्यातून हुमणी येते.

टोमॅटो, फ्लॉवर, वांगी पहिल्या वर्षी नकोतच. भरताच्या वांग्यावर आपला कितीही जीव असला तरी शेंडा आणि फळ पोखरणारी अळी नवख्याला रडवते, आणि मग हात फवारणीच्या बाटलीकडे जातो. त्याऐवजी मेथी, पालक, कोथिंबीर आणि मुळा लावा. मेथीचं बी स्वयंपाकघरातल्या डब्यातलं चालतं, फार जुनं नसलं म्हणजे झालं. ती चार-पाच दिवसांत उगवते आणि महिनाभरात ताटात येते. धणे चपलेखाली हलके रगडून दोन फाकी करून पेरायचे. त्यांना आठ-दहा दिवस लागतात, घाई करून उकरून पाहू नका. दुकानातलं रंगीत बी औषध लावलेलं असतं. ते मुलांपासून दूर ठेवा आणि पेरल्यावर हात साबणाने धुवा.

आता यातून काय मिळेल याबद्दल खरं बोलू. १०० ग्रॅम पालकात साधारण ३ मिलिग्रॅम लोह असतं, आणि त्यातलंही थोडंच अंगी लागतं. गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. तेव्हा "आता घरचाच पालक खाते, गोळ्या बंद केल्या" असं कुणी करू नका. भाजीवर लिंबू पिळा, जेवणाला लागून चहा घेऊ नका, आणि गोळी चालूच ठेवा.

मग वाफा कशाला? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या सूचनांनुसार मोठ्या माणसाने दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या खाव्यात, त्यात १०० ग्रॅम पालेभाज्या. आपल्या ताटात बटाटा असतो, डाळ असते, पाहुणे आले की शेवभाजी असते. (शेवभाजीत भाजी शोधायला मी अनेकांना सांगितलं आहे, अजून कुणाला सापडली नाही.) एका वाफ्याने चौघांची गरज भागणार नाही. पण जो माणूस आयुष्यभर मेथीच्या भाजीला नाक मुरडत आला, तो स्वतः लावलेली मेथी निमूट खातो, वर शेजाऱ्यालाही एक जुडी देतो, असा माझा अनुभव आहे.

आता काकांसाठी काही गोष्टी, या मात्र नीट वाचा. मधुमेह असेल तर वाफ्याजवळ अनवाणी जायचं नाही. पायाची संवेदना कमी झालेली असते, काटा किंवा काच लागलेली कळत नाही आणि जखम महिनोन्‌महिने भरत नाही. बंद बूट घाला, काम संपल्यावर तळवे बघा. इन्सुलिन किंवा शुगरची गोळी घेऊन उपाशीपोटी कुदळ मारू नका. घाम सुटून हातपाय थरथरले तर लगेच साखर खा. धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांत घेतलं नसेल तर आधी घेऊन या. आपल्याकडे नळाला रोज पाणी येतंच असं नाही, म्हणून बागेसाठी ड्रम भरून ठेवतात. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ पाण्यात वाढतो. ड्रम झाकून ठेवा, आठवड्यातून एकदा रिकामा करून घासा. कुंड्यांखालच्या ताटल्याही विसरू नका.

रक्त पातळ करणारी वॉरफेरिन किंवा अ‍ॅसिट्रॉमसारखी गोळी चालू असेल, तर घरची भाजी आली म्हणून एकदम रोज पालेभाजी सुरू करू नका. त्यातल्या के जीवनसत्त्वामुळे गोळीचा परिणाम कमी होतो. प्रमाण आठवड्याला सारखं ठेवा आणि आम्हाला सांगा. किडनीच्या रुग्णांनी विचारूनच खावं. मुतखडा होत असेल तर पालकाऐवजी मेथी लावा.

वाफ्यातली चार-पाच जोमदार रोपं न तोडता फुलावर जाऊ द्या आणि बी धरा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जपण्याचं काम घरापासूनच सुरू केलं, २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या बियाणे बँकेइतकं आपल्याला जमायचं नाही, पण पुढच्या दिवाळीची मेथी विकत घ्यावी लागणार नाही. आणि जूनमध्ये पहिला पाऊस झाला की कुंपणाला गिलक्याच्या चार बिया टोचा. त्या वेलाला फारसं काही लागत नाही, काकांनी रोज सकाळी जाऊन बघितलं तरी पुरे.