आधी ते कपाट उघडायला सांगा

वकिलीची सनद घ्यायला एलएलबी पुरते. न्यायाधीश व्हायचे तर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली आहे. म्हणजे एलएलएम ना सनदेसाठी लागते, ना कनिष्ठ न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी. ते लागते कायदा शिकवणाऱ्याला आणि कायद्यावर संशोधन करणाऱ्याला. तरीही दरवर्षी शेकडो मुले-मुली ‘रिकामे बसण्यापेक्षा बरे’ म्हणून अर्ज भरतात आणि विद्यापीठ निवडताना फक्त नाव आणि शुल्क पाहतात. त्यांचे आईवडील त्यासाठी कर्ज काढतात, म्हणून हा विषय आम्हाला अग्रलेखाचा वाटतो.

एक वर्षाचे एलएलएम की दोन वर्षांचे, हा वाद तर नियामकांनीच चिघळवला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ मध्ये एक वर्षाचा अभ्यासक्रम मान्य केला. बार कौन्सिलने जानेवारी २०२१ मध्ये तो मोडीत काढणारे नियम प्रसिद्ध केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर त्या वर्षापुरती माघार घेतली. मधल्या मध्ये टांगणीला लागले ते विद्यार्थी.

पण खरी निवड वर्षांची नाही, मार्गदर्शकाची आहे. एलएलएमचा गाभा म्हणजे प्रबंध. प्रवेशापूर्वी एक दिवस काढून त्या विधी विभागाच्या ग्रंथालयात जा आणि प्रबंधांचे कपाट उघडायला सांगा. काळ्या रेक्झिनची बांधणी, पाठीवर सोनेरी अक्षरे, वर धूळ. गेल्या पाच वर्षांतले चार-दोन चाळा. महिला सक्षमीकरणावरचा एकच मथळा किंचित फेरफार करून तीनदा भेटला, तळटिपांत निकालांऐवजी गाइडांची नावे दिसली, तर समजा की इथे कुणी वाचून सही केलेली नाही. याउलट कुणी तालुका न्यायालयात बसून पोटगीच्या अर्जांना किती तारखा पडतात हे मोजले असेल, तर त्या मार्गदर्शकाचे नाव वहीत टिपून घ्या. ते अजून तिथेच शिकवतात का, की विभाग तासिका तत्त्वावरच्या अध्यापकांवर चालतो, हे कार्यालयात नव्हे, जुन्या विद्यार्थ्यांना विचारा. महामहोपाध्याय पां. वा. काणे एलएलएम होते. वकिली करत त्यांनी ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ लिहिला. त्याचे खंड १९३० ते १९६२ या काळात प्रकाशित झाले. कायद्याचे उच्च शिक्षण कुठवर नेऊ शकते, याचा हा आपल्याच मातीतला दाखला.

भाषेचा प्रश्न याहून जिव्हारी लागणारा आहे. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठे आहेत. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या एलएलएमचा मुख्य रस्ता ‘क्लॅट’मधून जातो आणि ती परीक्षा फक्त इंग्रजीत होते. इकडे खालच्या न्यायालयांचे कामकाज मराठीत. उलटतपासणी मराठीत ऐकत तयार झालेली मुलगी या परीक्षेत मागे पडते, ती कायदा कमी जाणते म्हणून नव्हे. राज्याने उभारलेल्या विद्यापीठांनी निदान प्रबंध मराठीत लिहिण्याची मुभा द्यावी.

आणि प्रत्येक विद्यापीठाने, राष्ट्रीय असो की पारंपरिक, पूर्णवेळ अध्यापकांची नावे आणि गेल्या पाच वर्षांचे सगळे प्रबंध प्रवेशाच्या जाहिरातीआधी संकेतस्थळावर टाकावेत. त्याला नवा निधी लागत नाही, एक स्कॅनर पुरतो. गडचिरोलीच्या विद्यार्थ्याने कपाट पाहण्यासाठी मुंबईचे तिकीट का काढावे?