१६५ हर्ट्‌झ आणि काळवंडलेले सर

"प्रोजेक्टला लागतो" असं घरी सांगून घेतलेल्या वस्तूंची यादी काढली, तर मासिकाचा मराठी विभाग त्यातच संपेल. माझ्या यादीत पहिला नंबर मॉनिटरचा. सेकंड इयरला कांद्याची पट्टी हातात आली त्याच आठवड्यात मी घरी गेलो आणि पप्पांकडून साडेचौदा हजार घेऊन आलो. २७ इंची, वक्र, १६५ हर्ट्‌झ. खोक्यावर पंजाच्या ओरखड्यांचं चित्र!

पहिला महिना रूमवर जत्रा होती. मग गॅदरिंग आलं आणि "तुझ्याकडे मोठी स्क्रीन आहे ना?" म्हणत फ्लेक्सचं डिझाईन माझ्या गळ्यात पडलं. रात्रभर बसून केलं. झेंडूची तोरणं, निळं आकाश, खाली सगळ्या सरांचे फोटो. छापून आलं तेव्हा झेंडू विटकरी, आकाश जांभळट आणि सर मंडळी भर उन्हात पंढरपूरला पायी जाऊन आल्यासारखी. मी तावातावाने प्रेसवर गेलो. तिथल्या काकांनी काही न बोलता फाईल त्यांच्या मॉनिटरवर उघडली. चेहरे तिथेही काळपटच! म्हणजे छपाई बरोबर होती. खोटं बोलत होता तो माझा मॉनिटर.

झालं काय होतं? अंधारात लपलेला शत्रू दिसावा म्हणून गेमिंग मोड काळे भाग मुद्दाम उजळ करतो, रंग भडक करतो. त्यात माझा ब्राइटनेस शंभरावर. चेहरे पांढरेफटक वाटले म्हणून मीच ते खाली आणत गेलो. झेंडूचा दोष मात्र मॉनिटरचा नाही. स्क्रीन लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशाने रंग दाखवते, छपाई चार शायांनी होते. तो झळझळीत भगवा त्या चार शायांत बसतच नाही. छापून कसं दिसेल ते सॉफ्टवेअर आधी दाखवतं, पण ते पाहायलाही खरं बोलणारी स्क्रीन लागतेच.

ही 'गेमिंगचा वेगळा, डिझाईनचा वेगळा' अशी वाटणी मुळात का झाली? जुन्या डबा मॉनिटरच्या काळात एकाच काचेवर काउंटर स्ट्राईकही चालायचं आणि लग्नाचे अल्बमही व्हायचे. एलसीडी आले आणि घर फुटलं. स्वस्त टीएन पॅनेल चपळ, पण बहुतेकांत प्रत्येक रंगाच्या ६४ च छटा, म्हणजे एकूण २,६२,१४४. बाकीचे रंग पटापट लुकलुकून भासवायचे. वर मान जरा खाली केली की चित्र उलटं-सुलटं दिसायचं. हिताचीने १९९६ साली आणलेलं आयपीएस रंगाला प्रामाणिक, पण सुस्त. त्यामुळे खेळणारे एकीकडे, रंगवणारे दुसरीकडे. पण २०१५ च्या सुमारास १४४ हर्ट्‌झचे आयपीएस आले आणि आता ते आपल्या बजेटमध्येही बसतात. माझं स्पष्ट मत आहे की आपल्यासारख्यांसाठी हे भांडण आता बरंचसं स्टिकरपुरतं उरलंय.

हर्ट्‌झचं गणित तर एफईच्या पोरालाही जमेल. ६० हर्ट्‌झला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद टिकते, १४४ ला ६.९. हा फरक नुसता माउस हलवला तरी कळतो. १४४ वरून २४० वर गेलात तर कमाई फक्त २.८ मिलिसेकंद! आणि तुमचं ग्राफिक कार्ड (किंवा त्याचा अभाव) सेकंदाला ५० च फ्रेम देत असेल, तर पुढच्या सगळ्या हर्ट्‌झना नुसतं बसून पगार.

मेकॅनिकल-सिव्हिलवाल्यांचं दुखणं आणखी वेगळं. २७ इंचावर फुल एचडी म्हणजे इंचाला जेमतेम ८२ ठिपके. ड्रॉइंगमधली तिरपी रेघ जिन्यासारखी दिसते. २४ इंचावर तेच ९२ होतात, आणि २७ लाच क्यूएचडी घेतलं तर १०९. त्यात माझी स्क्रीन वक्र. सरळ रेघ सरळ आहे की नाही, यावर पार्टनरशी वाद घालण्यात एक सबमिशन गेलं.

कुणी म्हणेल, आपल्याला कुठे डिझायनर व्हायचंय? अरे, पण लोणी असो, संगमनेर, कोपरगाव की विळद घाट, प्रत्येक होस्टेलवर लग्नसराईत अल्बम लावून मेसचं बिल काढणारा एक तरी असतो. वाढदिवसाचे फ्लेक्स तर आपल्या जिल्ह्यात बारमाही पीक. २०२४ मध्ये नगरचं अहिल्यानगर झालं, तेव्हा पाट्या-लेटरहेडचं कामही निघालंच. असं काम करून देताना रंग चुकला तर पुनर्छपाई आपल्या खिशातून.

खेळणं गुन्हा नाही. टूर्नामेंट खेळत असाल तर खुशाल २४० घ्या आणि घरी खरं सांगा. बाकीच्यांनी खोक्यावरचा पंजा न बघता बारीक अक्षरं वाचा. आयपीएस आहे का? 'एसआरजीबी ९९ टक्के' लिहिलंय का? '४५ टक्के एनटीएससी' असेल तर खाली ठेवा, तो एसआरजीबीच्या दोन तृतीयांशापर्यंतही पोचत नाही. '१६.७ मिलियन कलर्स' सगळ्यांवरच असतं, त्याला भुलू नका. '१ एमएस'लाही नको, ते मोजायच्या पद्धतीच दोन आहेत आणि कंपनी सोयीची निवडते. ओएलईडी दिसतो झकास, पण सॉफ्टवेअरचा तोच टूलबार रोज आठ तास ठेवलात तर कालांतराने त्याचा डाग उमटू शकतो. दुकानात जाताना घरचा एक छापील फोटो आणि त्याचीच फाईल न्या. गेमिंग मोड बंद करायला लावा, ब्राइटनेस खाली घ्या आणि दोन्ही शेजारी धरून बघा. दुकानदार वैतागेल, वैतागू द्या.

माझा पंजेवाला अजून आहे. गेमिंग मोड बंद, ब्राइटनेस तीसवर. काम चालतं. फ्लेक्स दुसरा छापावा लागला, त्याचे पैसे मी भरले. पहिला पप्पांनी नेला, सध्या आमच्या कांदाचाळीवर आहे. पाणी अजिबात गळत नाही म्हणे. मागच्या सुट्टीत त्यांनी विचारलं, "यातले तुमचे प्रिन्सिपल कोणते रे?" मलाही पटकन सांगता आलं नाही.