हे गाणं तुला कुणी सांगितलं?

परवा रविवारी दुपारी ओटा आवरून जरा टेकले, तोच मोबाइल वाजला. पुण्याला हॉस्टेलवर असलेल्या लेकीचा निरोप. एक लिंक आणि खाली एकच ओळ : ‘आई, हे ऐक. पण कुकर लावता लावता नको, बसून ऐक.’

बसले. पियानो आणि एका मुलीचा आवाज, बाकी काही नाही. गाणं इंग्रजी, शब्द निम्मेच कळले, तरी दोनदा ऐकलं. मग लेकीला फोन लावला आणि आम्ही चक्क चाळीस मिनिटं बोललो. एरवी ‘जेवलीस का, पैसे आहेत का’ याच्या पुढे आमची गाडी सरकत नाही!

‘तुला हे सापडलं कुठे?’ मी विचारलं. ‘रूममेटनं पाठवलं. तिला तिच्या शिलाँगच्या मैत्रिणीनं.’ म्हणजे गाणं शिलाँगहून पुण्याला आणि तिथून थेट माझ्या स्वयंपाकघरात आलं. ना रेडिओ, ना टीव्ही, ना सिनेमा.

ते गाणं होतं ‘एव्हरीबडी डान्सेस टू टेक्नो’. गाणारी अदिती सैगल, ‘डॉट’ या नावानं गाते. २०१७ साली ती वेल्समधल्या विद्यापीठात शिकत होती, तेव्हा या गाण्याचा साधासा व्हिडिओ इंटरनेटवर आला आणि हातोहात पसरला. पुढे २०२३ मध्ये झोया अख्तरच्या ‘द आर्चीज’मध्येही ती दिसली.

हिची माहिती शोधताना एक गंमत कळली. तिचे आईवडील म्हणजे शेना गमात आणि अमित सैगल. या दोघांनी १९९३ मध्ये अलाहाबादेत ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे मासिक काढलं. गावोगावची मुलं गॅरेजमध्ये, कॉलेजच्या हॉलमध्ये स्वतःची गाणी वाजवत होती, पण एका शहरातल्या बँडची खबर दुसऱ्या शहराला नव्हती. या मासिकानं ती पोचवली. अमित सैगल २०१२ च्या जानेवारीत गोव्याच्या समुद्रात बुडून गेले. वडिलांनी जे काम छापील मासिकातून केलं, तेच पुढे लेकीच्या गाण्यासाठी अनोळखी लोकांनी एकमेकांना लिंक पाठवून केलं.

इथे एक खुलासा करते, कारण माझाही गोंधळ झाला होता. आपल्या कॉलेजच्या दिवसांत ‘इंडीपॉप’ होतं. अलिशा चिनॉयचं १९९५ चं ‘मेड इन इंडिया’ आठवतंय ना? ते सिनेमाबाहेरचं संगीत खरं, पण त्यामागे मोठ्या कॅसेट कंपन्या होत्या. आजच्या ‘इंडी’चा अर्थ इंडिपेंडंट, स्वतंत्र. गाणं लिहायचं, म्हणायचं, घरीच रेकॉर्ड करायचं आणि आपणच इंटरनेटवर चढवायचं. मूळचा जयपूरचा प्रतीक कुहाड, कोचीचा ‘व्हेन चाय मेट टोस्ट’, कोलकात्याचे ‘पारेख अँड सिंग’, आपल्या पुण्याचे ‘ईझी वाँडरलिंग्ज’ ही सगळी याच वाटेनं आलेली मंडळी. कुहाडचं ‘कोल्ड/मेस’ २०१८ मध्ये आलं आणि २०१९ च्या अखेरीस बराक ओबामांनी आपल्या आवडत्या गाण्यांच्या यादीत टाकलं. म्हणजे तिथेही कुणीतरी कुणाला तरी सांगितलंच!

मला आपले जुने दिवस आठवले. वहीच्या कागदावर गाण्यांची यादी करायची, कॅसेटवाल्याकडे द्यायची, साठ मिनिटांत बसत नसलं तर कुठलं गाळायचं यावरून मैत्रिणींशी भांडायचं. लेकीला हे सांगितलं तर ती म्हणते, ‘पण आई, तुझ्या कॅसेटवाल्याकडे कंपनीनं छापलेलंच असायचं ना? एखाद्या मुलीनं स्वतःच्या खोलीत म्हटलेलं गाणं तुला मिळालं असतं का?’ खरं आहे तिचं. आज लहान गावातल्या मुलीलाही गाणं लोकांपुढे ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही. ही केवढी मोठी गोष्ट आहे!

पण ठेवणं वेगळं आणि पोचणं वेगळं. खरा प्रश्न इथून सुरू होतो.

पोचवण्याचं काम आता बरंचसं अ‍ॅपच्या पोटातलं गणित करतं. तुम्ही काय ऐकलंत ते बघून ‘हेही आवडेल’ म्हणून ते पुढचं गाणं लावतं. सोयीचं आहे, नाही कशाला म्हणू? पण हे गणित निःपक्षपाती नाही. बार्सिलोना आणि उट्रेख्ट इथल्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०२१ मध्ये हे तपासलं. गणितानं सुचवलेल्या यादीत सरासरीनं पहिली सहा-सात गाणी पुरुषांचीच येत होती, बाईचं गाणं यायला सातवा-आठवा नंबर उजाडत होता. आणि पुढच्या वेळी गणित पुन्हा आपण जे ऐकलं त्यावरूनच शिकतं. म्हणजे मागे राहिलेली आणखी मागे. पंगतीत शेवटी बसायची सवय आपल्याला आहेच, तिथेही तीच पंगत!

दुसरा प्रश्न पैशांचा. आपण वर्गणी भरून एखाद्या नवख्या मुलीची गाणी महिनाभर ऐकली, तर आपले पैसे तिला मिळतील असं वाटतं. बहुतेक मोठ्या अ‍ॅपवर तसं होत नाही. सगळ्यांची वर्गणी आणि जाहिरातींचे पैसे एकाच हंड्यात पडतात. अ‍ॅप आपला वाटा काढून घेतं आणि उरलेलं वाटप एकूण ऐकण्यात ज्याचा जितका हिस्सा, त्या मापानं होतं. साहजिकच मोठा वाढपा मोठ्यांच्या ताटात. शिवाय २०२४ पासून स्पॉटिफायचा नियम असा, की मागच्या बारा महिन्यांत गाणं किमान १००० वेळा वाजलं नसेल तर त्याची रॉयल्टी नाही.

हे कोरडं वाटत असेल तर आमच्या बचत गटातली हकिगत सांगते. आमच्या एका पापडवाल्या ताईंची मुलगी, वय १९. गोड गळा, स्वतः मराठीत गाणी लिहिते. आजीवर एक गाणं केलं, मोबाइलवर रेकॉर्ड केलं, मित्रानं गिटार वाजवली. ते एका अ‍ॅपवर चढवायला वर्षाची फी भरली, ती आईच्या पापडाच्या पैशांतून. वर्षभरात सहाशे चाळीस वेळा ऐकलं गेलं. मिळकत शून्य. पोरगी म्हणाली, ‘जाऊ दे, लोकांना आवडलं ना!’ पण तिची आई मला म्हणाली, ‘ताई, आमचा दुकानदार कमी देतो, पण मोजून देतो. इथं हजार पापड खपल्याशिवाय पहिल्या पापडाचेही पैसे नाहीत, हा कुठला धंदा?’

मी निरुत्तर झाले. कारण ‘आवडलं ना, मग झालं!’ हे वाक्य आपल्या ओळखीचं आहे. आयुष्यभर घरकामाबद्दल आपण तेच ऐकत आलोय. कौतुक भरपूर, मोल काही नाही. आता तेच वाक्य आपल्या मुलींच्या वाट्याला नव्या वेष्टनात येतंय.

वेगळ्या वाटा नाहीत असं नाही. साउंडक्लाउडनं २०२१ मध्ये काही स्वतंत्र कलावंतांसाठी अशी पद्धत आणली, की ऐकणाऱ्याचे पैसे त्यानं ज्यांना ऐकलं त्यांच्याकडेच जावेत. बँडकॅम्पवर तर गाणं सरळ विकत घेता येतं. डिजिटल विक्रीवर ते साधारण १५ टक्के घेतात, उरलेल्यातून पैसे भरण्याचा खर्च वजा जाता बाकी कलावंताचं. २०२० च्या मार्चमध्ये सगळे कार्यक्रम बंद पडले, तेव्हा त्यांनी एका शुक्रवारी आपला वाटा सोडून दिला आणि पुढेही असे शुक्रवार पाळले. आम्ही बचत गटात दलाल टाळून थेट विक्रीसाठी धडपडतो, तेच हे.

तिसरी गोष्ट, हे सारं टिकतं किती? मायस्पेस नावाच्या साइटवर एके काळी जगभरच्या नवख्यांची गाणी होती. २००३ ते २०१५ या काळात चढवलेली सुमारे ५ कोटी गाणी सर्व्हर बदलताना नाहीशी झाली, हे २०१९ मध्ये उघड झालं. आपल्याकडचं विंक अ‍ॅप २०२४ मध्ये बंद झालं. आपली कॅसेट फार तर टेपमध्ये अडकायची, पेन्सिल घालून गुंडाळता तरी यायची!

आणि आता तर गाणाराच नसलेली गाणी आली आहेत. २०२५ च्या जूनमध्ये ‘द व्हेल्व्हेट सनडाउन’ नावाचा बँड अवतरला, महिन्याला दहा लाखांवर श्रोते मिळवले आणि मग कळलं, की गाणी कृत्रिम बुद्धिमत्तेनं केलेली आहेत. ऐकणाऱ्यांचं काय चुकलं? त्यांनी अ‍ॅपनं वाढलं ते ऐकलं. पण ज्या हंड्यातून आमच्या पापडवालीच्या मुलीला शून्य मिळालं, त्याच हंड्यात ही गाणीही हात घालणार, हे विसरून कसं चालेल?

म्हणून मैत्रिणींनो, मला वाटतं, गाणं सांगणं हे रिकामपणचं काम नाही. माणसानं माणसाला ‘हे ऐक’ म्हणणं हीच नवख्या कलावंताची खरी जाहिरात, आणि ती करायला आपल्यापेक्षा तरबेज कोण? मसाल्याची गिरणी, ब्लाउज शिवणारी, चांगला डॉक्टर, सगळे पत्ते आपण एकमेकींना देतोच की. त्यात एक गाण्याचा पत्ता. सकाळी शुभेच्छांची फुलं पाठवतो त्याऐवजी आठवड्यातून एक गाणं पाठवावं. नुसती लिंक नको. गाणारीचं नाव लिहावं आणि आपल्याला काय आवडलं ते एका ओळीत. गाण्याखाली कुणी मुलीच्या रूपावर घाणेरडं लिहिलेलं दिसलं, तर आपण तिथे दोन चांगले शब्द लिहावेत. जमेल तिथे गाणं विकत घ्यावं. परदेशी चलनात पैसे भरणं प्रत्येकीला जमेल असं नाही, पण गावात कार्यक्रम असेल तर तिकीट काढून जावं. फुकट पास मागू नये!

आम्ही एवढंच केलं. कोजागिरीला दरवर्षी महिला मंडळात ऑर्केस्ट्राची गाणी वाजतात. यंदा त्या मुलीला बोलावलं. तिनं तीन गाणी म्हटली, तिन्ही स्वतःची. आजीच्या गाण्याला पुढच्या रांगेतल्या दोघी-तिघींनी डोळे पुसले. नंतर वर्गणीतून पाकिटात घालून पाचशे एक रुपये दिले. रक्कम ती काय! पण तिच्या आईनं ते पाकीट पापडाच्या हिशोबाच्या वहीत ठेवलं आणि शेजारी तारीख टाकून लिहिलं, ‘गाण्याचे’.

ते गाणं मी लेकीलाही पाठवलं. खाली लिहिलं, ‘बसून ऐक.’ तासाभरात उलट निरोप आला : ‘आई, हे तुला कुणी सांगितलं?’