गृहव्यवस्था : ड्रायरची जाळी

दिल्लीत यमुनेच्या पूर्वेस वसलेल्या मयूर विहारमध्ये पौष महिना लागला की कपडे वाळविणे हा घरोघरचा प्रश्न होऊन बसतो. दाट धुक्याच्या दिवसांत दुपारपर्यंत सूर्यदर्शन घडत नाही, आणि सज्जातील दोरीवर घातलेल्या शुभ्र वस्त्रांवर हवेतील काजळी बसते ती निराळीच. छताजवळच्या दांडीवर काठीने लुगडी वाळत घालण्याची रीत पाहिलेल्या मराठी कुटुंबांनाही येथे यंत्राचा आश्रय घ्यावासा वाटला, तर त्यात नवल नाही. मात्र हे यंत्र घरात आणताना त्याचे एक छोटेसे नित्यकर्मही आपण पत्करतो. त्याविषयी या वेळी दोन शब्द सांगावयाचे आहेत.

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. धुलाईयंत्राच्या ज्या दुसऱ्या टाकीत कपडे गरगर फिरवून पिळले जातात, तिलाही आपण ड्रायर म्हणतो. तेथे उष्णतेचा संबंध नसतो. येथे विचार आहे तो तापलेल्या हवेने कपडे पूर्ण वाळविणाऱ्या यंत्राचा.

या यंत्राच्या पिंपात कपडे फिरत असतात आणि त्यांमधून ऊन हवा खेळविली जाते. ही हवा कपड्यांतील ओल शोषून घेते. त्याचबरोबर कापडाचे सुटे झालेले बारीक तंतूही वाहून नेते. हे तंतू अडविण्यासाठी हवेच्या वाटेवर एक बारीक जाळी बसविलेली असते. पंचे, सुती चादरी, फ्लॅनेलची झबली असे कपडे असतील, तर एका खेपेतच जाळीवर राखी रंगाचा मऊ थर जमतो. यालाच लिंट म्हणतात. तो बाहेरून आलेला कचरा नसून आपल्याच कपड्यांचा झिजलेला अंश होय.

थर दाट झाला की हवेची वाट अडते. एक लिटर पाण्याची वाफ करण्यास सुमारे ०.६३ युनिट वीज खर्ची पडण्याइतकी उष्णता लागते; म्हणजे कपड्यांत तीन लिटर पाणी उरले असेल, तर जवळजवळ दोन युनिटांचे काम झाले. हवा मोकळी फिरत नसेल, तर त्याच कामाला अधिक वेळ आणि अधिक वीज लागते; शिवाय कपडे दमट राहतात. म्हणून कपडे आधी चांगले पिळून घ्यावेत आणि जाळी मोकळी ठेवावी. काटकसरीचे हे दोन सोपे उपाय आहेत.

परंतु प्रश्न केवळ वीजबिलाचा नाही. सुका तंतू हा चटकन पेट घेणारा पदार्थ आहे आणि तो तापलेल्या भागाजवळ साचतो. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या वर्षांचा आढावा घेतला, तेव्हा तेथील घरांत ड्रायरमुळे दरवर्षी अंदाजे २,९०० आगी लागत असल्याचे आढळले. त्यांच्या कारणांत यंत्र स्वच्छ न ठेवणे हे पहिल्या क्रमांकावर होते. मयूर विहारसारख्या वस्तीत एका जिन्याभोवती अनेक बिऱ्हाडे नांदतात. तेथे एका घरातील हयगय शेजाऱ्यांनाही भोवू शकते.

आता कृती पाहू. यंत्र थांबले व थोडे निवले की जाळी बाहेर काढावी. तिच्यावरील थर बोटांनी एका कडेपासून गुंडाळत आणल्यास तो सलग निघून येतो. तो सुक्या कचऱ्यात टाकावा. मोरीत वा शौचकूपात सोडू नये. जाळी बसते त्या खाचेतील भुरा अधूनमधून मऊ ब्रशाने किंवा व्हॅक्यूम क्लीनरने काढावा. त्या वेळी यंत्राचा प्लग काढलेला असावा. जाळी फाटली असेल, तर नवी बसविल्याखेरीज यंत्र चालवू नये.

कपडे मऊ व सुवासिक व्हावेत म्हणून जी द्रव्ये वापरतात, त्यांचा एक अदृश्य पापुद्रा जाळीवर धरतो. तो ओळखण्याची युक्ती सोपी आहे. स्वच्छ दिसणाऱ्या जाळीवर नळाचे थोडे पाणी सोडावे. ते आरपार न जाता वर साचून राहिले, तर जाळी कोमट साबणाच्या पाण्यात मऊ ब्रशाने धुवावी आणि पूर्ण कोरडी करूनच परत बसवावी. महिन्यातून एकदा हे केल्यास पुरे.

काही यंत्रांतील दमट हवा नळीवाटे बाहेर सोडावी लागते. ती नळी काच लावून बंद केलेल्या सज्जात सोडल्यास भिंतींना ओल व बुरशी येते. ती उघड्यावरच न्यावी. नळी धातूची, आखूड व शक्य तितकी सरळ असावी. दिल्लीत पारवे तिच्या तोंडाशी घरटे करण्यास टपलेलेच असतात! परंतु त्यासाठी बारीक जाळी ठोकू नये, कारण तिच्यातही तंतू अडकतात. आपोआप उघडमीट होणारी झडप बसवावी. एकाच यंत्रात धुणे व वाळविणे दोन्ही होत असेल, तर बहुधा अशी वेगळी जाळी नसते; तेथे तंतू पाण्याबरोबर जाऊन तळाशी असलेल्या गाळणीत साचतात. माहितीपुस्तिका पाहून तीही साफ करावी.

आपल्या घरांसाठी आणखी एक सूचना महत्त्वाची आहे. दिवाळीच्या अभ्यंगाचे किंवा बाळाच्या मालिशचे तेलकट पंचे ड्रायरमध्ये घालू नयेत. तेल धुऊनही पुरते जात नाही, आणि तेलकट कापड गरम अवस्थेत ढीग करून ठेवल्यास आपोआप तापत जाऊन पेटू शकते. ते दोरीवरच वाळवावेत. तसेच सर्वजण झोपल्यावर किंवा घराबाहेर जाताना यंत्र चालू ठेवू नये. जळका वास आला, तर वीज बंद करून जाणकारास बोलवावे.

हे काम कोणाचे, हाही प्रश्न उरतोच. पुष्कळ घरांत गृहिणी कपडे घालते, मुलगा ते काढतो आणि घड्या कामास येणाऱ्या दीदी करतात. जाळी मात्र कोणाच्याच वाट्याला येत नाही. तेव्हा घरात एकच नियम असावा : जो कपडे बाहेर काढील, त्याने जाळी पुसल्यावरच दार लावावे. हा नियम मराठीत आणि हिंदीत एका चिठ्ठीवर लिहून यंत्रावर चिकटवावा. या कामास अर्धा मिनिट लागतो, आणि तो घरातील कोणालाही देता येण्याजोगा आहे.