लाईक नाही केलंस ते?

फेसबुकवर वागावं कसं, हे शिकवणारे गुरू मला उदंड भेटले. सभ्यतेचा धडा त्यांतल्या एकानेही दिला नाही. सगळ्यांनी शिकवला तो हिशेब. लग्नात कोणी किती आहेर केला ते वहीत टिपून ठेवतात आणि त्याच्या घरी कार्य निघालं की तेवढाच परत करतात. फेसबुकवर हीच वही चालते, फक्त ती रोज उघडतात.

मावशीचा फोन येतो. "डोहाळजेवणाचे फोटो बघितलेस ना गं?"

"हो, छान आलेत."

"मग लाईक नाही केलंस ते? रात्री अकराला ऑनलाइन तर दिसत होतीस!"

मी तोंडाने छान म्हटलं, ते जमेला धरलंच नाही. चारचौघांना दिसेल असा अंगठा हवा. नावाशेजारचा तो हिरवा ठिपका बंद करता येतो, पण केला, की "आमच्यापासून काय लपवतेस?"

हा अंगठा २००९ साली आला. पुढची सात वर्षं कोणाचे वडील गेले तरी बातमीखाली अंगठेच. २०१६ मध्ये कंपनीने बदाम, हसरा, रडका, रागीट असे पर्याय दिले, तेव्हा वाटलं, सुटलो. कसलं काय! हसरा चेहरा लगेच टिंगलीच्या कामाला जुंपला गेला. आणि कोणती पोस्ट किती लोकांपुढे आणायची हे ठरवताना कंपनीने २०१७ मध्ये या चेहऱ्यांना साध्या लाईकच्या पाचपट वजन दिलं, अगदी रागालासुद्धा. २०२१ मध्ये कंपनीची अंतर्गत कागदपत्रं फुटली तेव्हा हे जगाला कळलं. म्हणजे त्या वजनाच्या काळात एखादी विखारी पोस्ट बघून तुम्ही लाल तोंड दाबलं असेल, तर ती आणखी शंभर जणांच्या पुढ्यात जाण्याची सोय तुम्हीच केली होतीत. मला मात्र शहाणी माणसं सांगत होती, "वाद घालू नये, नुसतं रागाचं बटण दाबून पुढे जावं."

टॅगबद्दल काय बोलावं? कवी पंधरा ओळी पाडतात आणि तीस-चाळीस जणांना बांधून घालतात. आपल्या भिंतीवर काय लागावं हे आधी तपासायची सोय सेटिंगमध्ये आहे, पण ती वापरणं म्हणजे अपमान. खाली प्रतिक्रिया 'निःशब्द!' आणि निःशब्द झालेले हे गृहस्थ पुढे स्वतःची कविताही डकवतात. दुसऱ्याचं लेखन नाव खोडून 'साभार' म्हणून लावणं मात्र कोणाला खटकत नाही. याच्या उलटही चालतं: पु. ल. गेले २००० साली, फेसबुक निघालं २००४ मध्ये. तरी मोबाईलवरचे विनोद त्यांच्या नावावर खुशाल खपतात.

वाढदिवसाचा तर कहर. एखादं माणूस गेल्याचं घरच्यांनी कंपनीला कळवलं नसेल, तर फेसबुक दरवर्षी त्याच्या वाढदिवसाची आठवण करून देतं. मग भिंतीवर ओळीने 'शतायुषी व्हा'. दोन बोटं वर सरकवली असती तर मुलीने लिहिलेली वडिलांच्या निधनाची बातमी दिसली असती. पण तेवढं कोण बघतो? शुभेच्छा टाकली, नोंद झाली.

आणि हे सगळं कसोशीने पाळणारे सद्गृहस्थ बाईच्या इनबॉक्समध्ये शिरले की काय करतात? "जेवलीस का?" ओळख ना देख. उत्तर नाही दिलं की "खूप भाव खातेस." मग हात हलवणारं चित्र. मग रात्री साडेबाराला "झोप येत नाही का?" भिंतीवर हाच माणूस मला 'ताई' म्हणतो आणि मुलीच्या निकालाखाली न चुकता अभिनंदन करतो. त्याचं खातं चोख आहे.

अशा एकाच्या संदेशांचा स्क्रीनशॉट मी नावासकट भिंतीवर लावला. तासाभरात मला शिष्टाचार शिकवायला रांग लागली. खासगी बोलणं चव्हाट्यावर आणू नये. त्याच्या बायकोचा विचार करायचा. मुकाट्याने ब्लॉक करता आलं असतं. एका ज्येष्ठ लेखिकेने तर "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती" असं लिहिलं. त्या वाक्याला माझ्या पोस्टपेक्षा जास्त बदाम मिळाले, आणि त्यांतला एक त्याचा होता.