भावाचा आजार, बहिणीचे लग्न

स्थळ सांगून येते, पत्रिका जुळते आणि मग घरात कुजबुज सुरू होते : थोरल्याच्या आजाराचे सांगायचे की नाही? पाहुणे यायच्या दिवशी स्किझोफ्रेनिया झालेल्या मुलाला मावशीकडे पाठवणारी घरे थोडीथोडकी नाहीत. आईवडिलांना भीती एकच. हे रक्तातच असले तर मुलीचे काय, पुढे तिच्या मुलांचे काय?

तेव्हा आधी आकडे पाहू. सर्वसाधारणपणे १०० माणसांत सुमारे एकाला आयुष्यात केव्हातरी हा आजार होतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉट्समन यांनी युरोपातील कुटुंबांच्या आणि जुळ्यांच्या पाहण्या एकत्र करून १९९१ मध्ये एक तक्ता मांडला. त्यानुसार रुग्णाच्या सख्ख्या भावंडांत हे प्रमाण १०० मध्ये ९ च्या आसपास, तर भाचरांत ४ च्या आसपास येते. म्हणजे धोका वाढतो हे खरे, पण दहातल्या नऊ बहिणींना हा आजार होत नाही! एकसारख्या जुळ्यांची जनुके जवळजवळ तंतोतंत सारखी. तरीही एकाला आजार झाला, तर निम्म्याहून अधिक वेळा दुसरे भावंड त्यातून सुटते.

एकच दोषी जनुक शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ७६ हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात जनुकसंचातील २८७ ठिकाणे या आजाराशी निगडित आढळली. प्रत्येकाचा वाटा अगदी थोडा. त्यात बाळंतपणातील गुंतागुंत, कोवळ्या वयातील गांजाचे व्यसन यांचीही भर पडते. त्यामुळे लग्नाआधी रक्त तपासून होय की नाही सांगेल अशी चाचणी नाही.

आजार बहुधा मिसरूड फुटल्यापासून तिशीपर्यंत डोके वर काढतो. मुलींत थोडा उशिरा. कानात आवाज येणे, जेवणात विष घातल्याचा संशय, टीव्हीवर आपल्याबद्दलच बोलतात अशी खात्री, ही लक्षणे घाबरवतात म्हणून लवकर लक्षात येतात. अंघोळ टाळणे, मित्र तुटणे, चेहऱ्यावर भाव न उमटणे हे मात्र आळसाच्या खात्यावर जमा होते आणि वर्षे वाया जातात.

निदान होते ते बोलण्यातून. लक्षणे निदान महिनाभर टिकलेली असावी लागतात. अमेरिकन निकषांत हा काळ सहा महिन्यांचा आहे. रक्ततपासणी किंवा स्कॅन करतात ते थायरॉइड, फिट्स, गाठ यांसारखी दुसरी कारणे नाहीत ना हे पाहण्यासाठी. सोबत जाणाऱ्याने काय, केव्हापासून बदलले ते कागदावर लिहून न्यावे.

आणखी एक खुळचट सल्ला हमखास मिळतो : ‘लग्न करून द्या, सुधारेल.’ मग नवीन सुनेला कळू नये म्हणून गोळ्या बंद होतात आणि आजार उलटतो. दोन आयुष्यांची नासाडी!

कुणाला विचारावे हे सुचत नसेल, तर २०२२ पासून सरकारची ‘टेलि मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तिथे मराठीतही बोलता येते.